एका पानाचे शुद्धिपत्र



ज्या मुख्याध्यापकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. त्यांची एक पद्धत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. निबंधात चूक सापडली की सर ती लाल शाईने खोडत नसत. समासात ‘शुद्धिपत्र’ एवढाच शब्द लिहीत. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याने वर्गापुढे उभे राहायचे आणि चूक कोणती, ती का झाली व बरोबर काय, हे आपल्या तोंडाने सांगायचे. त्या वेळी ही शिक्षा वाटे. पुढे आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्यावर कळले की तो एक सन्मान होता. आपली चूक आपणच दुरुस्त करू शकू, असा विश्वास त्यात होता.

आजचे व्याख्यान हे माझे असेच एक शुद्धिपत्र आहे. विषय एका पालेभाजीचा आहे. इतिहासाच्या व्यासपीठावर पालेभाजी कशासाठी, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. थोडा धीर धरावा, अशी विनंती करतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने पाककृतींच्या सदरासाठी लेख पाठवला. त्यात ‘अरुगुला’ नावाच्या पानांची कोशिंबीर होती. मला तो शब्द खटकला. मी तो काढला, त्या जागी ‘तीक्ष्णपर्णी’ हा शब्द घडवून घातला आणि खाली टीप दिली : ‘एक परदेशी वनस्पती’. अंक पोचल्यावर तिचे पत्र आले. एकच ओळ होती : ‘सर, तीक्ष्णपर्णी कुठल्याच बाजारात मिळत नाही.’ मी हसलो आणि पत्र ठेवून दिले. टिपेतली दुसरी चूक मात्र तिलाही ठाऊक नव्हती, आणि मलाही नव्हती.

ती कळली गेल्या हिवाळ्यात, अलकापुरीतल्या माझ्या राहत्या इमारतीच्या फाटकाशी. माझी नात जवळच्या दुकानातून पारदर्शक डबीत बंद केलेली हिरवी पाने घेऊन आली. डबीवर ‘अरुगुला’ लिहिले होते आणि किमतीच्या चिठ्ठीवर ‘रॉकेट’. आमचे रखवालदार राजस्थानातल्या नागोर जिल्ह्याचे. नातीने कौतुकाने एक पान त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते चावले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ये तो तारामीरा है, बाबूजी. हमारे खेत में होता है. इस का तेल निकालते हैं.” मग किंमत विचारली. नातीने सांगितली. त्यावर ते काही बोलले नाहीत. डबी हातात घेऊन तिच्याकडे पाहत राहिले.

वर जाऊन मी पुस्तके काढली. रखवालदाराचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ज्या वनस्पतीला वनस्पतिशास्त्र ‘एरूका’ या नावाने ओळखते, तीच अमेरिकेत अरुगुला, इंग्लंडात रॉकेट, इटलीत रुकोला आणि राजस्थान-पंजाबात तारामीरा. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातली ही वनस्पती. पाने दातेरी, चव तिखटसर, फुले फिकट पिवळसर आणि त्यांच्या पाकळ्यांवर गडद शिरा. आपल्या वायव्य भागात ती रब्बीचे गळिताचे पीक आहे. पावसाळा सरल्यावर जमिनीत जी ओल उरते, तेवढ्यावर ती रेताड रानातही तग धरते. म्हणून जिथे मोहरीची शाश्वती नाही, तिथे शेतकरी तारामीरा पेरतो. बियांचे तेल झणझणीत असते, पेंड जनावरांना घालतात, कोवळा पाला भाजीला किंवा वैरणीला जातो. जॉर्ज वॅट यांनी १८८९ ते १८९३ या काळात भारतातील आर्थिक उपयोगाच्या वस्तूंचा जो प्रचंड कोश प्रसिद्ध केला, त्यातही या पिकाची नोंद आहे. म्हणजे मी ज्याला ‘परदेशी वनस्पती’ म्हटले, ते आपल्याच देशाच्या रानात उभे असलेले, कोशात नोंदले गेलेले पीक होते. माझ्या घराच्या फाटकावर बसणाऱ्या माणसाला ते ठाऊक होते. डॉक्टरेट मिळवलेल्या मला नव्हते.

आता या पानाच्या नावाचा प्रवास पाहू. कारण माझ्या पहिल्या चुकीचे मूळ त्यात आहे.

प्राचीन ग्रीकांनी या भाजीला ‘युझोमॉन’ म्हटले. शब्दाचा अर्थ, रश्शाला रुची आणणारी. अरबीत तिला ‘जिरजीर’ म्हणतात. लॅटिनमध्ये ती ‘एरूका’. गंमत अशी की लॅटिनमध्ये सुरवंटालाही ‘एरूका’च म्हणतात. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने या नावाचा संबंध ‘जाळणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला, कारण भाजी खाल्ली की अंगात आग पेटते. आजचे भाषाशास्त्र अशा व्युत्पत्तींना लोकव्युत्पत्ती मानते. पण चवीचे निदान इसिडोरने अचूक केले होते, हे मान्य करायला हवे.

लॅटिन ‘एरूका’चा इटालियनमध्ये ‘रुका’ झाला. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘रुकोला’ आणि ‘रुकेत्ता’ ही लाडकी रूपे तयार झाली. आपण पानाचे ‘पानुले’ करतो तशी. ‘रुकेत्ता’ फ्रेंचमध्ये ‘रोकेत’ झाली आणि तेथून सोळाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘रॉकेट’ म्हणून उतरली. आकाशात उडणाऱ्या रॉकेटशी तिचे काही नाते नाही. ते रॉकेट सूत कातण्याच्या चातीवरून नाव पडलेल्या दुसऱ्याच इटालियन शब्दापासून आले. दोन वेगवेगळ्या घरांतली मुले एकाच नावाने शाळेच्या पटावर यावीत, तसे हे झाले.

इटलीच्या दक्षिणेकडील बोलींत मात्र त्याच शब्दाची वेगळी रूपे होती. कालाब्रियाच्या बोलीत ती ‘अरुकुलु’सारखी ऐकू येते. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत लाखो इटालियन माणसे अमेरिकेत गेली, आणि त्यांतली बहुसंख्य दक्षिणेकडची, गरीब शेतकरी कुटुंबांतली होती. त्यांनी आपल्या परसात ही भाजी लावली आणि आपल्या बोलीतले नाव तिच्यासोबत ठेवले. इटलीच्या प्रमाणभाषेतला शब्द रुकोला. अमेरिकेने उचलला तो खेड्यातला, मजुरांच्या तोंडचा अरुगुला. १९६० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांना या एकाच पानाला भाजीवाले किती नावांनी ओळखतात, यावर लिहावेसे वाटले. त्यानंतर पुढच्या दोन-तीन दशकांत ही भाजी उच्चभ्रूंच्या ताटात जाऊन बसली. २००७ मध्ये अध्यक्षपदाच्या प्रचारात बराक ओबामा यांनी आयोवातल्या शेतकऱ्यांसमोर अरुगुलाच्या वाढत्या भावाचा उल्लेख केला, आणि श्रीमंतांची भाजी खाणारा माणूस म्हणून त्यांचीच थट्टा झाली. कालाब्रियाच्या मजुराचा शब्द शंभर वर्षांच्या आत श्रीमंतीची खूण बनला. आज अलकापुरीच्या दुकानात तो आला आहे तो ही श्रीमंती घेऊन. मजुराचा इतिहास त्याने वाटेतच कुठेतरी उतरवून ठेवला.

श्रोतेहो, या प्रवासातून मला जे दिसले ते असे : नाव वनस्पतीला पडते असे आपण समजतो, खरे तर माणसाचा तिच्याशी जो व्यवहार असतो, त्याला ते पडते. इटलीने पान खाल्ले, म्हणून तिथले नाव पानाचे. राजस्थानाने बी गाळले, म्हणून ‘तारामीरा’ म्हणताच शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे तेल येते. महाराष्ट्राने यांपैकी काहीच केले नाही, म्हणून आपल्या स्वयंपाकघरात तिला नाव नाही.

हे खरे आहे की नाही, ते आपल्याच भाषेत तपासून पाहावे. एका झाडाच्या पाल्याला आपण कोथिंबीर म्हणतो आणि त्याच झाडाच्या बियांना धने. गुजरातीतही कोथमीर आणि धाणा असे दोन शब्द आहेत. भाजीला शेपू आणि त्याच्या बियांना बाळंतशेपा. कारण एकीचा संबंध रोजच्या जेवणाशी, दुसऱ्याचा बाळंतिणीच्या खोलीशी. अळिवाचे लाडू आपल्या प्रत्येकीच्या आजीने केले असतील. पण अळिवाची पाने युरोपात आवडीने कच्ची खातात आणि ती अरुगुलासारखीच तिखट लागतात, हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. आपला व्यवहार बियांशी होता. पानापर्यंत आपण गेलोच नाही, म्हणून त्या पानालाही वेगळे नाव पडले नाही.

वडोदऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे अधिक लवकर कळावे, कारण आपण दोन भाषांच्या बाजारात भाजी घेतो. खंडेराव मार्केटमध्ये जी तांदळजो, तीच घरी आल्यावर तांदुळजा. दोघींची आजी एकच, अमरकोशात नोंदलेली तण्डुलीय. बाजारात अळवीची पाने घ्यावीत. शेजारी त्यांची पातरां होतील, आपल्याकडे अळूवडी. आणि हिवाळ्यातली मोगरी! मुळ्याच्याच जातीची ती जांभळट, लांब शेंग. मराठीत तिला डिंगरी म्हणतात. आमच्या घरी दह्यात कालवलेली तिची कोशिंबीर होत असे. गेल्या वर्षी मी नातीला विचारले, ‘डिंगरी म्हणजे काय?’ तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘आजोबा, डिंगरी का डोंगरी? डोंगर?’ अरुगुला तिला ठाऊक आहे, मोगरी ठाऊक आहे. तिच्याच भाषेतली, तिच्याच पणजीच्या ताटातली डिंगरी मात्र ठाऊक नाही. अरुगुला आणि डिंगरी एकाच वनस्पतिकुळातल्या आहेत, हे मी तिला सांगितले. तिला मौज वाटली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्या चुकीचे मूळ कशात होते, हे आता सांगता येईल. माझा प्रबंध मराठी कोशवाङ्मयावर होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, सुमारे १६७७ च्या काळात, रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. दहा वर्गांच्या या कोशात फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत, आणि त्यांत राजवर्ग, दुर्गवर्ग यांच्याबरोबर भोग्यवर्ग व पण्यवर्गही आहेत. म्हणजे राजदरबाराप्रमाणेच भोजनाचा आणि बाजाराचाही विचार झालेला आहे. स्वतःचे राज्य स्थापन करणाऱ्या राजाने राज्याची भाषा स्वतःची करावी, यातला तेजस्वीपणा मी कधीही नाकारणार नाही. अमात्य, सचिव ही नावे दरबारात रुजली. पण बाजार हा बाजारच राहिला आणि दुकान हे दुकानच. राजाला दरबारातल्या खुर्चीचे नाव बदलता येते. मंडईतल्या टोपलीचे नाव मंडईच ठरवते. हे सारे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवले, आणि एका स्मरणिकेचा संपादक होताच कोशकाराचा अधिकार गाजवायला निघालो. तीक्ष्णपर्णी हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. त्याचा दोष एवढाच की त्याच्यामागे एकही जेवण नव्हते.

या बाबतीत आपल्या नगराचा स्वतःचा वारसा अधिक शहाणा आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. त्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली पर्याय शेजारी शेजारी मांडलेले आहेत. एका भाषेला हुसकावून दुसरीला बसवण्याऐवजी सगळ्यांना एका पंगतीत बसवण्याची ही दृष्टी आहे. याच नगराच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत चालुक्य राजा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ प्रसिद्ध झाला. राजाने काय आणि कसे खावे याचे सविस्तर प्रकरण त्यात आहे. राजनीतीच्या ग्रंथात अन्नाला स्थान देताना सोमेश्वराला संकोच वाटला नाही. म्हणून आज मलाही फारसा वाटत नाही.

आणखी एक आठवण करून द्यायची आहे. १९०९ मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. कीर्तिकर हे सैन्यातले वैद्यकीय अधिकारी आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये, मेजर बसू यांच्यासह रचलेला त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि आजही अभ्यासक तो उघडतात. त्या ग्रंथाची रीत पाहण्यासारखी आहे. वनस्पतीच्या शास्त्रीय नावानंतर देशोदेशीची, प्रांतोप्रांतीची लोकनावे एकामागून एक दिलेली असतात. एका नावाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याचा खटाटोप तेथे नाही. जो वैदू, जो शेतकरी, जी आजी त्या झाडाला हात लावते, तिचे नाव तिथे नोंदले जाते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वनस्पतिशास्त्रज्ञ बसवण्याइतकी समज आपल्या पूर्वसूरींना होती. भाजीचे नाव हा साहित्याचाच विषय आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसावे.

आपण ज्या वस्तीत राहतो, तिचे नावही असेच दूरवरून आलेले आहे. अलका ही कुबेराची नगरी. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष तिच्या आठवणीने व्याकूळ होतो. त्या हिमालयातल्या काव्यनगरीचे नाव रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला वसलेल्या या वस्तीने घेतले. तिच्यातल्या मोठ्या रस्त्याला बडोद्याचे दिवाण रोमेशचंद्र दत्त यांचे नाव आहे, आणि ते होते बंगाली. संस्कृत काव्यातली नगरी, बंगाली दिवाणांचा रस्ता, गुजराती बाजार आणि त्यात मराठीत विचार करणारी आपल्यासारखी घरे. अशा ठिकाणी राहून मी एका इटालियन शब्दाला परका म्हणून दारातून परत पाठवायला निघालो होतो.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण आता पुण्या-मुंबईला, काही परदेशी आहेत. आपण घेऊन गेलेले शब्द आपल्याबरोबर संपू नयेत, एवढीच माझी चिंता आहे. नवा शब्द आल्याने भाषा मरत नाही. जुना व्यवहार थांबला की त्याचा शब्द निमूटपणे निघून जातो, आणि तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. चाकवत, चुका, पाथरी, डिंगरी ही नावे कोशात शोधून जगणार नाहीत. ती भाजी आठवड्यातून एकदा घरात आली आणि निवडताना मुलाला जवळ बसवले, तर ती जगतील. म्हणून शाळेच्या चालकांना माझी एक नम्र सूचना आहे. येत्या हिवाळ्यात नववीच्या विद्यार्थ्यांना एक वही द्यावी. त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना, भाजीवाल्या बहेनींना आणि फाटकावरच्या रखवालदारांनाही विचारून प्रत्येक भाजीची मराठी, गुजराती व इतर नावे लिहावीत. नावापुढे आणखी एक रकाना असावा : ‘ती आपण कशी खातो’. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

आता शुद्धिपत्र पुरे करतो. चूक : अरुगुलाला तीक्ष्णपर्णी म्हटले आणि तिला परदेशी ठरवले. कारण : कोशावरची श्रद्धा आणि शेताविषयीचे अज्ञान. शुद्ध रूप : तारामीरा, रॉकेट, रुकोला, अरुगुला, ज्याचा जसा व्यवहार, तसे त्याचे नाव.

मराठीच्या नावाविषयी मात्र मला काही सांगायचे आहे. माझी आई मराठवाड्यातली. ती कच्च्या मेथीचा घोळाणा करी : बारीक चिरलेली मेथी, कांदा, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि वर थोडे कच्चे तेल. कच्चा पाला खाण्याची आमच्या घरची हीच रीत होती. फाटकावरच्या त्या प्रसंगानंतर आठ दिवसांनी, डबीतली उरलेली पाने वाया जाऊ नयेत म्हणून, मी तोच घोळाणा त्यांचा केला. तेलासाठी थोडा थांबलो, कारण तारामीऱ्याचे तेल घरात नव्हते, शेंगदाण्याचे घातले. रखवालदारांना एक वाटी खाली पाठवली. नातीने दोनदा वाढून घेतले आणि संध्याकाळी तिच्या मैत्रिणीला दूरध्वनीवर सांगताना मी ऐकले, “आमच्याकडे आज अरुगुलाचा घोळाणा होता.”

या वेळी मी काहीही दुरुस्त केले नाही.